रिपोर्टमध्ये ‘एन्हान्समेंट’ लिहिलंय? घाबरू नका, कवटीच्या तळातली प्रत्येक चमक म्हणजे गाठ नव्हे

चलथाण (जि. सुरत) : उधना-जळगाव रेल्वेमार्गावरचं चलथाण हे खानदेशातल्या अनेक घरांना ओळखीचं नाव आहे. इथला साखर कारखाना आणि पलसाणा-कडोदरा पट्ट्यातल्या कापड व डाईंग मिल यांच्या भोवती नंदुरबार, धुळे, जळगावकडची माणसं येऊन राहिली. शेती तिकडे, नोकरी इकडे. आजारपणही असंच दोन राज्यांत विभागलेलं असतं. एमआरआय सुरतेत काढायचा, दुसरं मत धुळ्यात किंवा नाशकात घ्यायचं. रिपोर्ट इंग्रजीत येतो, समजावलं जातं गुजराती किंवा हिंदीत, आणि घरात बोलणं अहिराणी-मराठीत. मग रिपोर्टचा फोटो गावाकडच्या ग्रुपवर जातो आणि त्यातला एकच शब्द सगळ्यांची झोप उडवतो : ‘एन्हान्समेंट’.

चेहरा बधिर होणं, तोंड वाकडं होणं, एका कानानं कमी ऐकू येणं, एकाचे दोन दिसणं, आवाज बसणं अशा तक्रारींसाठी डॉक्टर अनेकदा ‘कॉन्ट्रास्ट एमआरआय’ सांगतात. त्यात कवटीचा तळ, म्हणजे मेंदू ज्या हाडावर टेकलेला असतो तो भाग, बारकाईनं पाहिला जातो. या भागात निरोगी माणसालाही ठिकठिकाणी चमक दिसते. ही चमक कुठली, ती नॉर्मल कधी आणि काळजीची कधी, हे समजून घेतलं तर विनाकारण घबराट टळते. तितकंच महत्त्वाचं म्हणजे, जिथे खरंच धावपळ करायला हवी तिथे वेळ वाया जात नाही.

आधी ‘नस’ या शब्दाचा घोळ सोडवू

आपण बोलताना सगळ्यालाच ‘नस’ म्हणतो. सलाईन लावताना ‘नस सापडत नाही’ म्हणतो, तेव्हा ती रक्ताची शीर असते. ‘कंबरेत नस दबली’ म्हणतो, तेव्हा तो मज्जातंतू असतो, म्हणजे मेंदूचा निरोप नेणारी तार. एरवी या घोळानं फारसं बिघडत नाही. कवटीच्या तळाच्या एमआरआयमध्ये मात्र सगळा अर्थ याच फरकावर उभा आहे. कारण तिथल्या हाडाच्या भोकांतून मज्जातंतू एकटा जात नाही. त्याच्याभोवती बारीक शिरांचं जाळं गुंडाळलेलं असतं. कॉन्ट्रास्टनंतर बहुतेक वेळा चमकतं ते हे शिरांचं जाळं. मज्जातंतू स्वतः सहसा काळपटच राहतो.

या लेखात पुढे ‘शीर’ म्हणजे रक्ताची आणि ‘मज्जातंतू’ म्हणजे निरोपाची तार, असंच वाचावं.

हाडातली भोकं कशासाठी?

मेंदूतून मज्जातंतूंच्या १२ जोड्या निघतात. वास, नजर, डोळ्यांची हालचाल, चेहऱ्याची संवेदना, चेहऱ्याचे हावभाव, ऐकणं, तोल, गिळणं, आवाज, जिभेची हालचाल ही सगळी कामं त्यांच्याकडे असतात. मेंदू बंद कवटीत असल्यामुळे या तारांना बाहेर पडायला हाडात वाटा लागतात. घराच्या भिंतीत वायरिंगसाठी पाइप टाकलेले असतात, तसंच. डॉक्टर त्यांना ‘फोरामेन’ किंवा ‘कॅनाल’ म्हणतात.

नेहमी रिपोर्टमध्ये येणारी नावं अशी :

- ऑप्टिक कॅनाल : नजरेचा, म्हणजे दुसरा मज्जातंतू.
- सुपीरियर ऑर्बिटल फिशर : डोळा हलवणारे तिसरा, चौथा आणि सहावा, तसंच कपाळाची संवेदना आणणारी पाचव्याची वरची शाखा.
- फोरामेन रोटंडम : गाल आणि वरच्या दातांची संवेदना आणणारी पाचव्याची मधली शाखा.
- फोरामेन ओव्हेल : खालचा जबडा, हनुवटी आणि चावण्याचे स्नायू सांभाळणारी पाचव्याची खालची शाखा.
- इंटर्नल ऑडिटरी कॅनाल : चेहरा हलवणारा सातवा, आणि ऐकण्याचा व तोलाचा आठवा.
- जुगुलर फोरामेन : गिळणं, आवाज आणि खांद्याशी संबंधित नववा, दहावा आणि अकरावा. शेजारीच मेंदूचं रक्त खाली नेणारी मोठी शीर.
- हायपोग्लॉसल कॅनाल : जीभ हलवणारा बारावा.

ही यादी पाठ करायची गरज नाही. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे की प्रत्येक भोकाचं चेहऱ्यावर किंवा घशात एक ठरलेलं काम असतं. म्हणूनच नेमकी तक्रार कुठे आहे, हे डॉक्टरांसाठी फार मोलाचं असतं.

कॉन्ट्रास्टनं नेमकं काय होतं?

एमआरआयमध्ये एक्स-रे नसतो. मोठ्या चुंबकात शरीरातल्या पाण्याचे आणि चरबीचे संकेत पकडले जातात. कॉन्ट्रास्ट म्हणजे गॅडोलिनियम या धातूचं बांधून ठेवलेलं औषध. १९८८ पासून हा प्रकार वापरात आहे. हाताच्या शिरेतून, औषधाच्या प्रकारानुसार ६० किलोच्या माणसाला साधारण ६ ते १२ मिलिलिटर इतकं ते दिलं जातं. जिथे हे औषध साठतं, तो भाग चित्रात पांढरा दिसतो. यालाच ‘एन्हान्समेंट’ म्हणतात.

औषध साठतं ते मुख्यतः दोन कारणांनी. एक, तिथे शिरांमध्ये संथ वाहणारं रक्त भरपूर आहे. दोन, तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांमधून औषध बाहेर झिरपतंय. निरोगी मज्जातंतूला स्वतःची एक राखण असते. त्याच्या आतल्या रक्तवाहिन्या आणि त्याचं आवरण औषधाला आत झिरपू देत नाहीत. म्हणून मज्जातंतू काळपट राहतो. सूज, जंतुसंसर्ग किंवा गाठ झाली की ही राखण तुटते आणि मज्जातंतू स्वतःच चमकू लागतो.

म्हणजे ‘चमक आहे का?’ एवढंच विचारून भागत नाही. ‘चमकतंय ते काय, शीर की मज्जातंतू?’ हे पाहावं लागतं.

निरोगी माणसात काय काय चमकतं?

पाचवा मज्जातंतू. कानाच्या पुढे, आत खोलवर एक पाण्यानं भरलेली छोटी पिशवी असते. तिला मेकेल्स केव्ह म्हणतात. कॉन्ट्रास्टच्या चित्रात तिच्या आतलं पाणी काळं आणि भिंत पातळ पांढरी दिसते. तळाशी, पुढच्या बाजूला चंद्रकोरीसारखी पांढरी रेघ असते. ती पाचव्या मज्जातंतूची गाठवजा जागा, म्हणजे गँगलियॉन. नावात ‘गाठ’ असली तरी हा आजार नाही, शरीराचा जन्मजात भाग आहे. इथे वर सांगितलेली राखण मुळातच नसते, म्हणून ती निरोगी माणसातही चमकते.

तिथून खाली आलं की फोरामेन ओव्हेल आणि रोटंडममध्ये पांढरी कडी आणि मध्ये काळा ठिपका दिसतो. कडी शिरांची, ठिपका मज्जातंतूचा. नॉर्मल चित्राची ही सर्वात सोपी खूण आहे. दोन्ही बाजूंच्या भोकांचा आकार तंतोतंत सारखा असेलच असं नाही. थोडा फरक अनेकांत असतो.

सातवा मज्जातंतू. हा कानाच्या हाडातून वळणं घेत जातो आणि कानाखालून बाहेर पडतो. त्याच्या पहिल्या वळणावरचा भाग, मधल्या कानाजवळचा भाग आणि कानामागच्या हाडातला उभा भाग कॉन्ट्रास्टनंतर निरोगी माणसातही चमकू शकतो. कारण तिथे भोवती रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. एका बाजूला थोडी जास्त, दुसरीकडे कमी, असंही होतं. मात्र मेंदूपासून निघून इंटर्नल ऑडिटरी कॅनालमध्ये जाईपर्यंतचा आणि त्यानंतरचा अगदी अरुंद भाग सहसा चमकत नाही. तिथे चमक असेल तर कारण शोधावं लागतं. अचानक तोंड वाकडं होण्याच्या ‘बेल्स पाल्सी’त अशी चमक दिसते. या आजारातले बहुतेक रुग्ण बरे होतात, आणि चित्र नेहमीचं असेल तर प्रत्येकाला एमआरआय लागतोच असंही नाही. औषध मात्र पहिल्या तीन दिवसांत सुरू व्हायला हवं, म्हणून ‘वारं लागलं असेल’ म्हणत घरी बसू नये.

जुगुलर फोरामेन. इथली मोठी शीर बहुतेकांमध्ये उजवीकडे मोठी असते. रक्त संथ किंवा भोवऱ्यासारखं फिरत असेल तर ती गाठीसारखी दिसू शकते. वेगवेगळ्या पद्धतींची चित्रं शेजारी ठेवून पाहिली की बहुधा उलगडा होतो.

हायपोग्लॉसल कॅनाल. शिरांचा पांढरा पट्टा आणि त्यातून जाणारी काळी बारीक रेघ. रेघ म्हणजे जिभेचा मज्जातंतू. हेही नॉर्मल.

कॅव्हर्नस सायनस. डोळ्यांच्या मागे, दोन्ही बाजूंना शिरांचं मोठं जाळं. ते पांढरं दिसणारच. त्यात काळे ठिपके म्हणजे डोळ्यांचे आणि गालाचे मज्जातंतू. मोठा काळा गोल म्हणजे वेगानं रक्त वाहणारी कॅरोटिड धमनी. वेगातलं रक्त एमआरआयमध्ये काळं दिसतं.

नजरेचा मज्जातंतू. हा नॉर्मल माणसात चमकत नाही. चमकला तर सूज आहे का, हे पाहिलं जातं.

मग काळजी कधी करायची?

रेडिओलॉजिस्ट नुसती चमक बघत नाहीत. पुढच्या गोष्टी एकत्र जुळतात का, ते बघतात :

1. कडीच्या मधला काळा ठिपका नाहीसा झाला आहे, मज्जातंतू स्वतःच जाड आणि पांढरा दिसतोय.
2. हाडाचं भोक दुसऱ्या बाजूपेक्षा रुंद झालंय किंवा त्याची कड झिजलीय. हाडासाठी सोबत सीटी स्कॅन लागू शकतो.
3. भोकाच्या तोंडाशी असणारी चरबी नाहीशी झालीय.
4. मेकेल्स केव्हमधल्या पाण्याची जागा घट्ट भागानं घेतलीय.
5. एका बाजूचे चावण्याचे किंवा जिभेचे स्नायू सुजलेत किंवा वाळलेत.

यातला तिसरा मुद्दा सर्वात उपयोगी. निरोगी भोकांच्या बाहेर चरबीची छोटी गादी असते. कॉन्ट्रास्टच्या आधीच्या साध्या चित्रात ती स्वच्छ पांढरी दिसते. आजार मज्जातंतूच्या कडेनं सरकू लागला की ही गादी लवकर भरून जाते. गालाच्या हाडामागे टेरिगोपॅलाटाइन फोसा नावाची छोटी खोबण आहे. तोंड, नाक, डोळा आणि मेंदू या चारही बाजूंच्या वाटा तिथे मिळतात. भुसावळ जंक्शनसारखंच म्हणा. तिथली चरबी शाबूत आहे की नाही, हे आधी पाहिलं जातं.

सीमेच्या दोन्ही बाजूंना हे का महत्त्वाचं?

याचं उत्तर २०२१ च्या उन्हाळ्यात मिळालं. कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिस, म्हणजे ‘काळी बुरशी’ पसरली. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २६ मे २०२१ पर्यंत देशात ११,७१७ रुग्ण उपचार घेत होते. त्यात गुजरातचे २,८५९ आणि महाराष्ट्राचे २,७७० होते. म्हणजे पहिला आणि दुसरा क्रमांक याच दोन राज्यांचा. ही बुरशी नाकातून सुरू होऊन रक्तवाहिन्यांच्या आणि मज्जातंतूंच्या वाटांनी डोळा आणि मेंदूकडे सरकते. मधुमेह आटोक्यात नसलेल्यांना धोका जास्त.

या आजारानं चमकेचा दुसरा धडाही दिला. बुरशी रक्तवाहिन्या बंद करते, म्हणून मेलेल्या भागात कॉन्ट्रास्ट पोचतच नाही. नाकाच्या आतला जो भाग निरोगी माणसात पांढरा चमकतो, तो इथे काळा राहतो. म्हणजे चमक आहे म्हणून आजार आहे असं नाही, आणि चमक नाही म्हणून सगळं ठीक आहे असंही नाही.

दुसरं कारण तंबाखूचं. गुटखा, मावा, खर्रा. नाव राज्यागणिक बदलतं, तोंडाचा कॅन्सर तोच. तोंडाचे, लाळग्रंथींचे आणि चेहऱ्याच्या कातडीचे काही कॅन्सर मज्जातंतूच्या कडेनं कवटीच्या तळाकडे सरकतात. रिपोर्टमध्ये त्याला ‘पेरिन्यूरल स्प्रेड’ म्हणतात. काही रुग्णांना सुरुवातीला काहीच जाणवत नाही. काहींना गाल किंवा हनुवटी बधिर वाटते, मुंग्या चालल्यासारखं होतं, जळजळ होते. ऑपरेशन होऊन काही वर्षं गेल्यावरही हे घडू शकतं. ‘दाताचं असेल’ म्हणून दुर्लक्ष होतं ते इथेच. तोंडाच्या कॅन्सरवर उपचार झालेल्या माणसानं नवा बधिरपणा कधीही अंगावर काढू नये.

चित्र फसवतं तेव्हा

काही वेळा आजार नसतो, चित्रच फसवं असतं. कॉन्ट्रास्टनंतर चरबीही पांढरी आणि शिराही पांढऱ्या, असं झालं तर काही कळत नाही. म्हणून चरबीचा संकेत दाबणारी पद्धत वापरतात. तिला ‘फॅट सॅट’ म्हणतात. पण दातांतलं धातूचं भरण, कॅप किंवा सायनसमधली हवा जवळ असेल तर तेवढ्या भागात चरबी नीट दाबली जात नाही आणि खोटी चमक दिसते. तसंच कानाच्या आतल्या हाडाच्या टोकाला एका बाजूला चरबी जास्त आणि दुसऱ्या बाजूला हवा जास्त असू शकते. हा जन्मजात फरकही गाठीसारखा वाटतो. म्हणून कॉन्ट्रास्टआधीचं साधं चित्र सोबत असणं फार गरजेचं असतं.

आणखी एक गोष्ट. मेंदूच्या नेहमीच्या एमआरआयमध्ये चित्रांचे काप साधारण ५ मिलिमीटरचे असतात. ही भोकं काही मिलिमीटरचीच. म्हणून कवटीच्या तळासाठी बारीक कापांची, दोन्ही बाजू समोरासमोर दिसतील अशी तपासणी लागते. चिठ्ठीवर नुसतं ‘एमआरआय ब्रेन’ असेल आणि तक्रार चेहऱ्याच्या बधिरपणाची असेल, तर ‘कवटीचा तळ नीट पाहायचा आहे का?’ हे डॉक्टरांना आधीच विचारलेलं बरं. दुसऱ्यांदा तपासणीचा खर्च वाचतो.

तपासणीला जाताना

- चिठ्ठीवर तक्रार स्पष्ट लिहून घ्या : कुठली बाजू, गाल की हनुवटी, किती दिवसांपासून. पूर्वी कॅन्सर, मधुमेह, ऑपरेशन असेल तर तेही.
- किडनीचा त्रास असेल तर आधी सांगा. क्रिएटिनिन तपासलं जातं. किडनीचं काम फारच कमी असलेल्यांमध्ये जुन्या प्रकारच्या गॅडोलिनियमनं त्वचा घट्ट होण्याचा गंभीर आजार होऊ शकतो, हे २००६ मध्ये समोर आलं. नव्या प्रकारच्या औषधांत हा धोका अत्यंत कमी आहे.
- गरोदर असाल, पेसमेकर असेल, कानात किंवा शरीरात धातू बसवलेला असेल, तर मशीनजवळ जाण्याआधी सांगा.
- जुने रिपोर्ट आणि जुन्या सीडी सोबत न्या. पूर्वीही तेवढीच चमक होती, हे कळलं की अर्धी शंका तिथेच मिटते.
- दुसरं मत घ्यायला धुळे, नाशिक, मुंबई कुठेही जा, मूळ सीडी किंवा डिजिटल लिंक न्या. फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो बारीक भोकांसाठी कामाचा नाही.

रिपोर्ट वाचताना

‘नो अबनॉर्मल एन्हान्समेंट’ म्हणजे जी चमक आहे ती नेहमीची. ‘सिमेट्रिकल’ म्हणजे दोन्ही बाजू सारख्या. ‘नॉर्मल व्हेरियंट’ म्हणजे माणसागणिक असणारा फरक, आजार नव्हे. ‘क्लिनिकल कोरिलेशन’ म्हणजे चित्र आणि रुग्णाची तक्रार जुळते का, ते डॉक्टरांनी पाहावं. शेवटचा ‘इम्प्रेशन’ हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, पण तोही एकटा वाचू नये.

डॉक्टरांना विचारण्यासारखे प्रश्न तीनच : चमकतंय ती शीर आहे की मज्जातंतू? भोकाबाहेरची चरबी शाबूत आहे का? आणि हे चित्र माझ्या तक्रारीच्या बाजूशी जुळतं का? हे प्रश्न मराठीत, हिंदीत, गुजरातीत, कुठल्याही भाषेत विचारता येतात. तिन्हींची उत्तरं समाधानकारक असतील तर ‘एन्हान्समेंट’ या शब्दाला घाबरण्याचं कारण नाही. आणि रिपोर्ट नॉर्मल असूनही बधिरपणा वाढत असेल, एकाचे दोन दिसू लागले असतील किंवा गिळताना अडत असेल, तर रिपोर्ट बाजूला ठेवून त्याच आठवड्यात पुन्हा डॉक्टरांकडे जायला हवं.